कै. नामदार जगन्नाथ शंकरशेट आणि दगडी मुंबईच्या आधीची मुंबई

नाना शंकरशेट हे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या दैवज्ञ ज्ञातीत सापडणे कठीण. त्यांची तसबीर आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. ज्ञातीच्या समारंभांत वक्ते नानांचे नाव घेतात, त्यांनी स्थापिलेल्या संस्थांची यादी एका दमात म्हणून दाखवितात आणि पुढील विषयाकडे वळतात. यादी खरी आहे. परंतु यादीतून मनुष्य दिसत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी नानांवर लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही निराळी वाट धरण्याचे ठरविले. ज्या शहरात नाना वावरले त्या शहराच्या भिंती, रस्ते आणि वाड्या यांच्या सोबतीने त्यांचे चरित्र सांगावे, असा आमचा विचार आहे. त्याला कारणही तसेच आहे. मुंबईच्या जुन्या इमारती म्हणून आज आपण पाहुण्यांना ज्या अभिमानाने दाखवितो, त्यांतील बहुतेक नानांनी डोळ्यांनी पाहिल्याच नाहीत. बोरीबंदरचे स्थानक, राजाबाई मनोरा, उच्च न्यायालय ही सारी त्यांच्या मागून उभी राहिली. असे असूनही त्यांतील काहींच्या पायाशी नानांचे आयुष्य पुरलेले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १७ फेब्रुवारीस, मुंबईच्या कोटात मोठी आग लागली. त्या काळची मुंबई म्हणजे मुख्यत्वे कोट. सभोवती तटबंदी व खंदक, आत येण्यास अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे. दक्षिणेच्या अंगास इंग्रजांची वस्ती व उत्तरेच्या अंगास आपल्या लोकांची. उत्तरेकडील गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून उभी आणि त्यांत लाकडाचा भरणा फार. आगीने तेथील मोठा भाग भस्मसात केला. ती किल्ल्यातील दारूखान्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मधली घरे तोफा लावून पाडावी लागली. या आगीनंतर पुष्कळ लोक तटाबाहेर पडले. मैदानापलीकडे मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव या बाजूंना वस्ती वाढू लागली. या वस्तीस लोक बाहेरकोट म्हणत. आज आपण जिला जुनी मुंबई म्हणतो, ती दाट, गजबजलेली, देवळे आणि बाजार यांनी भरलेली मुंबई वाढली ती या आगीनंतरच. नाना आणि ही बाहेरची मुंबई एकाच आठवड्यात जन्मली असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल खरी, पण फार मोठी होणार नाही.

घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. शंकरशेट हे वडिलांचे नाव; इंग्रजी व्यवहाराच्या रिवाजाने तेच पुढे आडनाव होऊन बसले. अठराव्या शतकाच्या मध्यास हे घराणे मुंबईत व्यापारासाठी आले आणि पैसा व पत या दोहोंत वाढले. पूर्वज गणबाशेट यांच्या नावाची एक गल्ली कोटात होती. इंग्रजांच्या जिभेने तिचे गनबो स्ट्रीट केले आणि पुढे पालिकेने तिला रुस्तम सिधवा मार्ग असे नाव दिले. फोर्टातून जाणाऱ्या आपल्या शंभर बांधवांत गनबो म्हणजे गणबाशेट हे ओळखणारे दोन तरी असतील की नाही, याची आम्हास शंका आहे.

नानांचे शिक्षण घरीच झाले. इंग्रजी त्यांनी चांगले आत्मसात केले. १८२२ साली वडील निवर्तले आणि अवघ्या एकोणिसाव्या वर्षी पेढी, मालमत्ता व नाव यांचा सारा भार त्यांच्यावर पडला. श्रीमंतीत वाढलेला व डोक्यावरचे छत्र हरपलेला तरुण कोणत्या वाटेस लागतो, याची उदाहरणे प्रत्येक ज्ञातीत आहेत. नाना त्या वाटेस गेले नाहीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने त्या सुमारास निघालेल्या शाळा व शाळापुस्तके यांच्या मंडळीत ते शिरले आणि पुढील चाळीस वर्षे मुंबईतील शिक्षणाचे असे एकही मोठे काम झाले नाही, की ज्यात त्यांचा हात नव्हता. १८२७ साली एल्फिन्स्टनसाहेब स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. त्या निधीतून उच्च शिक्षणाची सोय झाली.

येथे इमारतींची गोष्ट सुरू होते. निधी जमला, विलायतेहून अध्यापक आले, पण त्यांनी शिकवावे कोठे? १८३५ च्या पुढे त्यांची व्याख्याने झाली ती टाउन हॉलमध्ये. हा टाउन हॉल बांधण्यास १८२१ साली आरंभ झाला व तो १८३३ साली पुरा झाला. आरंभी लॉटरी काढून पैसे उभे केले. ते पुरेनात तेव्हा कंपनी सरकारने उरलेला खर्च सोसला. ग्रीक धाटणीचे त्याचे दर्शनी खांब विलायतेहून जहाजाने आणलेल्या दगडाचे आहेत. तेव्हाच्या मुंबईत एवढी मोठी सार्वजनिक वास्तू दुसरी नव्हती. म्हणून जी नवी संस्था निघे ती प्रथम याच्याच पायऱ्या चढे. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले, नाना त्याचे फेलो झाले. त्या विद्यापीठासही पहिली कित्येक वर्षे स्वतःचे छप्पर नव्हते, त्यानेही टाउन हॉलचाच आश्रय घेतला. पदवीदानाचे सभागृह १८७४ साली आणि राजाबाई मनोरा १८७८ साली झाला. तोवर नानांना जाऊन दहा वर्षांवर काळ लोटला होता.

नानांच्या काळातील बहुतेक संस्थांची हीच तऱ्हा होती. आधी माणसे जमत, मग पैसा जमे, मग उसनी खोली मिळे आणि दगडी इमारत होई ती एका पिढीने. आज आपण उलट करतो. आधी इमारत, तिचे उद्घाटन, कोनशिलेवर कोणाचे नाव याचा वाद, संस्था मागून. असो.

उसनी खोली म्हणून नानांनी स्वतःचे घरही दिले. १८४८ साली एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुण शिक्षक व विद्यार्थी यांनी एक ज्ञानवर्धक सभा स्थापिली. दादाभाई नौरोजी तिच्यात होते. १८४९ साली या मंडळींनी मुलींच्या शाळा काढण्याचे धाडस केले. मुलींनी शिकू नये असे मानणारांचा त्या काळी सुकाळ होता आणि अशा शाळेस जागा देणे म्हणजे आपल्या दारी रोष ओढवून घेणे होते. नाना स्वतः जुन्या वळणाचे, सोवळेओवळे पाळणारे, देवपूजा केल्याशिवाय अन्न न घेणारे गृहस्थ. कोणी त्यांच्याकडून ही अपेक्षा केली नसती. त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. मोठ्या सरदारांचे व साहेबांचे स्वागत जेथे होत असे, त्याच आवारात पाटी घेऊन मुली येऊ लागल्या. या एका कृतीसाठी आम्ही नानांस जितके मानतो, तितके त्यांच्या कौन्सिलातील खुर्चीसाठी मानीत नाही.

त्या वेळचे गिरगाव आजच्या वाचकाने डोळ्यांपुढे आणावे. गल्लोगल्ली चाळी अद्याप झाल्या नव्हत्या. माडांच्या बागा, त्यांतून गेलेली वाट, कोठे देऊळ, कोठे विहीर. घरे बहुधा लाकडी सांगाड्याची. खांब व तुळया सागवानी, मधल्या भिंती विटांच्या, वर चुन्याचा गिलावा आणि छपरावर कौले. पुढे ओसरी, वर माडी, माडीला कोरीव कठडा. एकाच कुळाच्या किंवा एकाच ज्ञातीच्या लोकांची वस्ती झाली, की तिला वाडी म्हणावयाचे. बाहेरकोटातील मुंबई ही अशा वाड्यांची झाली होती. साहेबांच्या मुंबईला तट होता, मैदान होते, समुद्राचा वारा होता. वाड्यांच्या मुंबईला रस्ते, पाणी आणि गटारे कोण देणार हा प्रश्न होता. १८३४–३५ च्या सुमारास आपल्या लोकांस जस्टिस ऑफ द पीस हा अधिकार मिळू लागला. शहराचा कर व त्याचा विनियोग या जस्टिस मंडळींच्या हाती असे. नाना त्यांपैकी एक झाले. या पदाला पगार नव्हता. काम मात्र रोजचे होते.

गिरगावच्या उत्तरेस १८३९ साली नवा रस्ता खुला झाला व त्यास गव्हर्नर ग्रांट यांचे नाव मिळाले. त्या ग्रांट रोडवरील नाट्यगृहाची हकीकत मोठी गमतीची आहे. कोटातील इंग्रजांचे जुने नाट्यगृह कर्जात बुडाले आणि १८३५ साली ते विकून टाकावे लागले. नाटकाच्या शौकिनांनी नव्या नाट्यगृहासाठी खटपट चालविली, तेव्हा नानांनी पुढाकार घेऊन ग्रांट रोडवर जागा दिली आणि १८४६ साली तेथे नाट्यगृह उभे राहिले. हेतू साहेबांच्या करमणुकीचा. पण साहेब राहणार कोटात. रात्री एवढ्या दूर, देशी वस्तीतून गाडी हाकीत येण्याची हौस त्यांस फार दिवस टिकली नाही. नाट्यगृह ओस पडू लागले आणि मग आपल्या लोकांनी ते भरून काढले. १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भावे यांनी तेथे आपले खेळ केले. त्याच वर्षी पारशी मंडळींचे नाटक तेथे झाले. मराठी, हिंदी व गुजराती रंगभूमीस मुंबईत पक्के छप्पर प्रथम मिळाले ते या आवारात. लोक त्यास शंकरशेटांचे नाट्यगृह असेही म्हणत. आज त्याची एक वीटही जागेवर नाही.

सोनापूरच्या स्मशानाचा प्रसंग वृद्ध मंडळींच्या तोंडी अजून ऐकू येतो. समुद्राच्या बाजूस, गिरगावाला लागून असलेले हे स्मशान तेथून हलवून शिवडीस न्यावे असा सरकारचा बेत झाला. कागदावर हा केवळ जागेचा बदल होता. परंतु गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी येथील गरीब गृहस्थाने आपल्या माणसाचा देह खांद्यावर घेऊन भर पावसात दोन कोसांवर शिवडीस कसे जावे? गाडीघोडा असलेल्या नानांना स्वतःला त्याची झळ लागली नसती. तरी त्यांनी हा प्रश्न हाती घेतला, सरकारदरबारी नेटाने चालविला आणि बेत रद्द करविला. मरीन लाइन्सजवळ सोनापूरचे स्मशान जागच्या जागी राहिले. शहराची आखणी करणाऱ्यास नकाशा पुरतो. त्या शहरात राहणाऱ्याचे दुःख नकाशावर उमटत नाही. ते सांगणारा कोणी तरी वजनदार मनुष्य लागतो, आणि त्या काळात तो मनुष्य नाना होते.

शिक्षणखात्यात त्यांनी एक झुंज दिली तीही येथे सांगितली पाहिजे. १८४० साली स्थापन झालेल्या शिक्षण मंडळावर ते सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीतून मोजक्या लोकांस उच्च शिक्षण देण्याकडे होता. १८४७ च्या सुमारास या प्रश्नावर मतभेद विकोपास गेले, तेव्हा नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा हे तिघे कर्नल जर्व्हिस यांच्या बाजूस राहून देशी भाषांसाठी उभे राहिले. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या मनुष्याने हा पक्ष घेतला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८४५ साली आगगाडीचा विचार निघाला. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह नानांनी रेल्वेसाठी मंडळी जमविली आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी झाल्यावर तिच्या संचालकांत हे दोघे देशी गृहस्थ होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास आमंत्रित, एकवीस तोफांची सलामी. ज्या स्थानकातून ती सुटली ते साधे लाकडी होते. आजचे भव्य स्थानक फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ साली सुरू होऊन दहा वर्षांत पुरे झाले. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळट दगड, पोरबंदरचा पांढरा दगड, नक्षीकामास जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, देखरेखीस सीताराम खंडेराव यांच्यासारखे देशी अभियंते. त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांच्या मुखप्रतिमा दगडात कोरल्या आहेत व त्यांत पगडी घातलेले नाना आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसातून आपल्या ज्ञातीतील शेकडो लोक रोज जातायेतात. गाडी गाठण्याच्या घाईत वर पाहण्यास सवड नसते, हे आम्ही अनुभवाने जाणतो. एखाद्या रविवारी मुलांस घेऊन मुद्दाम जावे.

१८५२ च्या ऑगस्टमध्ये बाँबे असोसिएशनची स्थापना झाली. पार्लमेंटकडे प्रजेची गाऱ्हाणी मांडणारी ही मुंबईतील पहिली राजकीय संस्था. तिची सभा भरली तीही एल्फिन्स्टन विद्यालयाच्या दालनात, आणि अध्यक्ष नाना. पाच वर्षांनी १८५७ चा वणवा पेटला, तेव्हा बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय काही इंग्रजांनी नानांवर घेतला. जन्मभर सरकारशी सहकार्य करून शहर उभारणाऱ्या मनुष्याच्या वाड्यावर नजर ठेवली गेली. काहीही सिद्ध झाले नाही. १८६२ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात जे पहिले देशी सभासद नेमले गेले, त्यांत नाना होते. मधल्या पाच वर्षांत त्यांच्या मनाने काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी.

कोटातील बराकीत १८५५ साली एक वस्तुसंग्रह मांडला होता. बंडाच्या धामधुमीत तो विस्कटला. डॉ. बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना यांनी पुन्हा वर्गणी जमवून स्वतंत्र संग्रहालयाचा विचार धरला आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी भायखळ्याच्या नव्या राणीच्या बागेत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते त्याचा पाया घातला गेला. ही इमारत लोकांसाठी खुली झाली १८७२ साली. बाहेरून शांत, प्रमाणबद्ध. आत ओतीव लोखंडाचे खांब आणि रंगीत छत. १९७५ साली तिला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले व विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली अवकळा २००८ पर्यंत चाललेल्या जीर्णोद्धाराने दूर झाली. नानांनी तिचा पाया पाहिला, छप्पर पाहिले नाही.

याच वर्षांत कोटाचा तट पाडण्याचा निर्णय झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसास सोन्याचा भाव आला होता, शहरात पैशाचा पूर लोटला होता. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. दरवाजे व बुरूज खाली येऊ लागले. चर्चगेटचे नाव तेवढे मागे राहिले. ज्या तटाबाहेर नानांनी आयुष्य वेचले तो तटच नाहीसा होत होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दगडी मुंबई उभी राहणार होती. १ जुलै १८६५ रोजी शेअरबाजार कोसळून असंख्य घरे धुळीस मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरच्या दिवशी, ३१ जुलैस, नाना वारले.

त्यांच्या पश्चात चिरंजीव विनायकराव यांनी विद्यापीठात संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ठेवली. ती मिळविणे हे मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास पुढे पिढ्यान्‌पिढ्या भूषण वाटे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली होती. टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला व तो तेथेच आहे. गिरगाव रस्त्यास त्यांचे नाव मिळाले, ग्रांट रोडजवळ नाना चौक झाला आणि अलीकडे भुयारी मेट्रोच्या मुंबई सेंट्रल येथील स्थानकासही त्यांचे नाव देण्यात आले.

नावे पुष्कळ झाली. वास्तू मात्र उरल्या नाहीत. बोरीबंदरचे स्थानक २००४ साली जागतिक वारसा ठरले. मैदानाभोवतालच्या दगडी इमारतींस व मरीन ड्राइव्हच्या घरांस २०१८ साली तोच मान मिळाला. आम्हास त्याचा आनंदच आहे. परंतु ज्या वाड्यात मुलींची शाळा भरली व ज्या नाट्यगृहात भावे उभे राहिले, त्यांचे रक्षण कोणी केले नाही; आपणही केले नाही. आता गिरगाव–ठाकुरद्वारच्या चाळींची पाळी आली आहे. गळके छप्पर, टेकू दिलेले जिने आणि सामाईक संडास यांत ज्यांनी जन्म काढला, त्यांस जुन्याचे कौतुक शिकविण्याचा आम्हास अधिकार नाही, आणि नव्या घराची किल्ली हाती आल्यावर होणारा आनंद आम्हीही भोगला आहे. इमारत पडावयाची ती पडेल. पण ती कशी होती, कोणत्या मजल्यावर कोण राहत होते, गणपती कोठे बसत होता, हे लिहून ठेवण्यास कोणाची हरकत आहे?

ज्या सभासद कुटुंबांकडे गिरगाव, ठाकुरद्वार, भुलेश्वर या भागांतील जुन्या घरांची छायाचित्रे, भाडेपावत्या किंवा नकाशे असतील, त्यांनी त्यांच्या प्रती काढून, मागे ठिकाण व साल लिहून, ज्ञातीच्या कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ कागद पाहून लगेच परत केले जातील.